तीन दिवसांची मुदत

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागात, फ्लशिंग मेडोज नावाच्या विस्तीर्ण उद्यानात, १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली एक इमारत होती. प्रदर्शन उठल्यावर तिच्यात बर्फावर घसरण्याचा खेळ चाले, आणि दुसरे महायुद्ध संपून संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला तेव्हा, कायमची वास्तू उभी राहीपर्यंत, त्याच्या आमसभेचा दरबार याच इमारतीत भरू लागला. बुधवार, २६ नोव्हेंबर १९४७ रोजी पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव तेथे मतास पडावयाचा होता. मते मोजून ठेवलेल्या मंडळींना दुपारपर्यंत कळून चुकले की आवश्यक ते दोन-तृतीयांश बहुमत हाती नाही. ठरावाच्या पुरस्कर्त्यांनी भाषणे लांबवली, सभा तहकूब झाली, दुसरा दिवस अमेरिकेच्या थँक्सगिव्हिंगच्या सुटीचा निघाला, तिसऱ्या दिवशी समेटाचा शेवटचा प्रयत्न करून पाहावा म्हणून फ्रान्सच्या प्रतिनिधीने आणखी चोवीस तास मागून घेतले, आणि अशा रीतीने जी तीन दिवसांची मुदत कोणी आधी ठरवली नव्हती ती एका प्रदेशाच्या इतिहासातील निर्णायक मुदत ठरली.

या तीन दिवसांत तारा, दूरध्वनी आणि खासगी भेटी यांच्या द्वारे जे घडले त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातील बराच भाग एकतर अभिमानाने लिहिलेला आहे किंवा द्वेषाने. आमच्या मते ही दोन्ही वृत्ते अपुरी आहेत. लोकसत्ताक राज्यात नागरिकांनी संघटित व्हावे, प्रतिनिधींचे दार ठोठवावे, आपल्या आप्तांच्या रक्षणासाठी सरकारवर भार घालावा, यात निषिद्ध असे काही नाही. तो त्यांचा हक्कच आहे. युरोपात साठ लक्ष ज्यू मारले गेल्यानंतर उरलेल्यांसाठी आश्रयस्थान मागणाऱ्यांना तर तो हक्क दुपटीने होता. परंतु ज्या भूमीचे भवितव्य ठरावयाचे ती भूमी एकीकडे आणि ज्या दारी तो निवाडा व्हावयाचा ते दार दुसरीकडे, आणि त्या दारी एका पक्षाचे लक्षावधी मतदार उभे असून दुसऱ्या पक्षाचा जवळजवळ कोणीच नाही, अशी स्थिती असली म्हणजे निर्णय कितीही सद्भावनेने झाला तरी त्यात सुनावणीचा दोष राहून जातो. हाच दोष आम्हांस येथे तपशिलाने दाखवावयाचा आहे.

पूर्वपीठिका वाचकांस ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. २ नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोर-घोषणेने ब्रिटनने ज्यूंना पॅलेस्टाइनात राष्ट्रीय वसतिस्थान देण्याचे अभिवचन दिले. १९२२ साली राष्ट्रसंघाने तो प्रदेश ब्रिटनच्या देखरेखीखाली दिला. १९३६ ते १९३९ या काळात अरब रयतेने मोठा उठाव केला. आणि १९३९ च्या श्वेतपत्रिकेने ज्यूंचा प्रवेश पाच वर्षांत ७५,००० एवढ्यावर आणून ठेवला, तोही नेमका अशा वेळी की जेव्हा हिटलरच्या मुलखातून निसटणाऱ्यांना जगात दुसरे दार उघडे नव्हते. युद्ध संपताना ब्रिटनची तिजोरी रिकामी, हिंदुस्थान हातचा चाललेला, पॅलेस्टाइनात ज्यू सशस्त्र संघटनांचे घातपात रोजचे झालेले. तेव्हा फेब्रुवारी १९४७ मध्ये परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी कॉमन्स सभागृहात हे प्रकरण संयुक्त राष्ट्रसंघाकडे सोपवण्याचे जाहीर केले.

मात्र प्रश्नाचे गुरुत्वकेंद्र लंडनहून वॉशिंग्टनला त्याआधीच सरकले होते. मे १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या बिल्टमोर हॉटेलात भरलेल्या झायोनिस्ट परिषदेने पॅलेस्टाइनात ज्यू राष्ट्रकुल उभारण्याची मागणी प्रथम उघडपणे केली. चळवळीचे जुने धुरीण रब्बाय स्टीफन वाइज हे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे स्नेही. त्यांचा भर अध्यक्षांच्या शब्दावर. क्लीव्हलँडचे रब्बाय ॲबा हिलेल सिल्व्हर यांचे मत निराळे होते: एका पक्षाच्या खिशात आपली मते पडली की त्यांची किंमत संपते, म्हणून दोन्ही पक्षांना आपल्या मतांची काळजी वाहायला लावली पाहिजे. त्यांनी गावोगावी समित्या बांधल्या, पत्रे व तारा पाठवण्याची शिस्त लावली, धर्मोपदेशक, प्राध्यापक, कामगार संघटना यांना चळवळीत ओढले. आणि १९४४ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन अशा दोन्ही पक्षांच्या जाहीरनाम्यांत पॅलेस्टाइनविषयीचे कलम आले. संघटनेचे शास्त्र म्हणून पाहिले तर हे काम अव्वल दर्जाचे होते, यात शंका नाही.

रूझवेल्ट यांनी मात्र दोन्ही बाजूंना शब्द देऊन ठेवले. १४ फेब्रुवारी १९४५ रोजी, सुएझ कालव्यावरील ग्रेट बिटर लेक या सरोवरात नांगरलेल्या ‘क्विन्सी’ या युद्धनौकेवर त्यांनी सौदी अरबस्तानचे राजे इब्न सौद यांची भेट घेतली. पुढच्याच महिन्यात वाइज यांच्यामार्फत झायोनिस्ट मागणीस आपला पाठिंबा कायम असल्याचे जाहीर होऊ दिले. आणि ५ एप्रिल रोजी इब्न सौद यांना पत्र लिहिले की अरब व ज्यू या दोघांशी पूर्ण विचारविनिमय केल्यावाचून पॅलेस्टाइनसंबंधी निर्णय होणार नाही, आणि अरबांना प्रतिकूल असे कृत्य आपल्या हातून घडणार नाही. त्यानंतर सातव्या दिवशी ते मृत्यू पावले. परस्परविरुद्ध आश्वासनांचे हे दप्तर नवे अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या पुढ्यात आले.

ट्रूमन यांच्याविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. केवळ मतांसाठी त्यांनी हे सारे केले असे मानणे अन्यायाचे होईल. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विधिशाखेचे प्रमुख अर्ल हॅरिसन यांना त्यांनी जर्मनी व ऑस्ट्रियातील निर्वासितांच्या छावण्या पाहण्यास धाडले. मृत्यूच्या छावण्यांतून सुटलेले ज्यू तारांच्या कुंपणामागेच दिवस कंठीत आहेत हा त्यांचा १९४५ च्या ऑगस्टमधील अहवाल वाचून ट्रूमन खरोखर विचलित झाले, आणि एक लक्ष लोकांना पॅलेस्टाइनात प्रवेश द्यावा असा आग्रह त्यांनी ब्रिटनकडे धरला. परंतु त्यांच्याच देशाचे दार या लोकांना फारसे उघडत नव्हते, कारण प्रवेशमर्यादेचा कायदा सैल करण्यास अमेरिकेची काँग्रेस राजी नव्हती, हेही तितकेच खरे. आणि निवडणुकीचा विचार मुळीच नव्हता असे म्हणता येत नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये अरब देशांतील अमेरिकन वकील अध्यक्षांना भेटले तेव्हा, आपल्या मतदारसंघात झायोनिझमचे यश इच्छिणारे लक्षावधी आहेत, अरब लक्षावधी नाहीत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे विल्यम एडी यांनी पुढे नोंदवून ठेवले. हे एडी म्हणजे ‘क्विन्सी’वर दोन राष्ट्रप्रमुखांमध्ये दुभाष्याचे काम करणारे गृहस्थ. ४ ऑक्टोबर १९४६ रोजी, योम किप्पूर या ज्यूंच्या सणाच्या सायंकाळी आणि काँग्रेसच्या निवडणुकीस महिनाच उरला असता, ट्रूमन यांनी ज्यू राज्यास अनुकूल निवेदन काढले. दोन दिवसांनी न्यूयॉर्कचे गव्हर्नर थॉमस ड्यूई यांनी एक लाखाऐवजी कित्येक लाखांची मागणी पुढे केली. लिलावात बोली चढत जावी तशी ही आश्वासने चढत गेली.

भार एकाच बाजूने पडत होता असे मात्र नव्हे. परराष्ट्र खात्यातील मध्यपूर्वेचा कारभार पाहणारे लॉय हेंडरसन, संरक्षणाचा भार वाहणारे जेम्स फॉरेस्टल आणि अरबस्तानच्या तेलावर नजर ठेवणाऱ्या कंपन्या फाळणीच्या विरुद्ध होत्या. त्यांच्यापाशी अर्ज करणारी जनता नव्हती, पण खात्याचे टेबल होते, गुप्त टिपणे होती, तेलाचे आकडे होते. अरब लीगनेही वॉशिंग्टनात कचेरी उघडली होती, परंतु तिच्यामागे उभा राहील असा मतदार तिला लाभला नव्हता. ज्यू समाजातही एकमत नव्हते: ‘अमेरिकन कौन्सिल फॉर ज्युडाइझम’ ही १९४२ साली निघालेली संस्था स्वतंत्र ज्यू राज्याच्या कल्पनेस विरोध करी, आणि जेरुसलेमात हिब्रू विद्यापीठाचे ज्यूडा मॅग्नेस व तत्त्वज्ञ मार्टिन बूबर हे दोन्ही समाजांच्या संयुक्त राज्याचा पुरस्कार शेवटपर्यंत करीत राहिले. या आवाजांना वॉशिंग्टनात कोणी वाली मिळाला नाही.

एप्रिल–मे १९४७ मध्ये आमसभेचे खास अधिवेशन भरले आणि अकरा राष्ट्रांची एक चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष स्वीडनचे न्यायमूर्ती एमिल सँडस्ट्रॉम. हिंदुस्थानच्या वतीने लाहोर हायकोर्टाचे न्यायाधीश सर अब्दुर रहमान. या नेमणुकीतील दैवयोग मनाला चटका लावून जातो. जूनमध्ये समिती जेरुसलेमला पोचली तेव्हा ३ जूनची माउंटबॅटन योजना नुकतीच जाहीर झालेली, आणि ज्या शहरात सर अब्दुर रहमान न्यायदान करीत ते लाहोर कोणत्या बाजूस जाणार या वादाने पेटलेले. एका फाळणीच्या छायेतून आलेला हा न्यायाधीश दुसऱ्या फाळणीचा विचार करण्यास बसला होता. पॅलेस्टाइनच्या अरबांचे नेतृत्व करणाऱ्या अरब उच्च समितीने या चौकशीवर बहिष्कार टाकला. हा निर्णय आमच्या मते घातक होता. आपले हक्क स्वयंसिद्ध आहेत, त्यांची रुजवात परक्यांपुढे का करावी, ही भूमिका न्यायाची असली तरी जेथे निवाडा होतच आहे तेथे गैरहजर राहिल्याने बाजू आपोआप खाली जाते. तेथील ज्यूंची बाजू सांभाळणाऱ्या ज्यू एजन्सीने मात्र समितीला वसाहती, बागा, कारखाने दाखवले. आणि १८ जुलै रोजी ‘एक्झोडस’ या जहाजावरील साडेचार हजारांहून अधिक निर्वासितांना ब्रिटिश शिपायांनी हैफा बंदरात बळाने उतरवून परत पाठवले, ते दृश्य सँडस्ट्रॉम यांनी धक्क्यावर उभे राहून पाहिले.

ऑगस्टअखेर समितीचे दोन अहवाल झाले. सात सभासदांनी फाळणी व आर्थिक संघ सुचवला. ऑस्ट्रेलियाने कोणतीच बाजू घेतली नाही. हिंदुस्थान, इराण व युगोस्लाव्हिया या तिघांनी संघराज्याची योजना मांडली. जेरुसलेम ही राजधानी, अरब व ज्यू अशी दोन स्वायत्त घटक-राज्ये, वर एक संघीय विधिमंडळ, त्याच्या एका सभागृहात लोकसंख्येच्या प्रमाणात आणि दुसऱ्यात समान प्रतिनिधित्व, आणि तीन वर्षे मर्यादित प्रमाणात ज्यूंना प्रवेश, असा तिचा आराखडा होता. सर अब्दुर रहमान यांनी याशिवाय स्वतंत्र टिपण जोडून फाळणीवर आक्षेप नोंदवले. ही योजना यशस्वी झालीच असती असे आम्ही म्हणत नाही. दोन्ही पक्षांच्या प्रमुख नेत्यांना ती नको होती. पण ज्या प्रदेशात सुमारे बारा लक्ष अरब व सहा लक्ष ज्यू राहत होते, आणि नियोजित ज्यू राज्यातच ४,९८,००० ज्यूंबरोबर ४,०७,००० अरब, शिवाय नव्वद हजार बेदुइन राहणार होते, तेथे एकत्र नांदण्याच्या योजनेची तपासणी करणे अगत्याचे होते. तशी ती झाली नाही. सप्टेंबरमध्ये आमसभेने ऑस्ट्रेलियाचे डॉ. इव्हॅट यांच्या अध्यक्षतेखाली जी तदर्थ समिती नेमली तिने एक उपसमिती फाळणीसाठी आणि दुसरी अरबांच्या एकसंध राज्याच्या मागणीसाठी नेमली. संघराज्यासाठी उपसमितीच नव्हती. विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील हिंदी शिष्टमंडळ त्या योजनेचा पुरस्कार करीत राहिले, पण ती चर्चेच्या पटावरून आपोआप उतरली.

दुसऱ्या उपसमितीचे काम पाकिस्तानच्या जफरुल्ला खान यांनी चालवले, आणि तिने एक कायदेशीर सवाल पुढे ठेवला: एखाद्या प्रदेशातील बहुसंख्य रहिवाशांच्या संमतीवाचून त्याची फाळणी अंमलात आणण्याचा अधिकार संयुक्त राष्ट्रसंघास आहे काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडून विचारून घ्यावे. या सूचनेच्या बाजूने २० मते पडली, विरुद्ध २१. एका मताने हा सवाल न्यायालयापर्यंत जाऊ शकला नाही. पाठोपाठ २५ नोव्हेंबर रोजी तदर्थ समितीने फाळणीचा ठराव २५ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला, सतरा राष्ट्रे तटस्थ राहिली. समितीत साधे बहुमत पुरे होते; आमसभेत दोन-तृतीयांश हवे होते, आणि हीच मते तेथे पडली असती तर ठराव एका मताने कमी पडला असता.

येथून त्या तीन दिवसांची कथा सुरू होते. २६ तारखेच्या सभेत फिलिपाइन्सचे जनरल कार्लोस रोम्युलो यांनी फाळणीविरुद्ध प्रभावी भाषण केले. हैतीच्या प्रतिनिधीनेही विरोध जाहीर केला. लायबेरियाचा भरवसा नव्हता. त्यानंतर सव्वीस अमेरिकन सिनेटरांच्या सहीची तार डळमळीत राष्ट्रांच्या शिष्टमंडळांस गेली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोघा न्यायाधीशांनी फिलिपाइन्सच्या वकिलाशी बोलणे केल्याची नोंद आहे. मनिला नुकतेच, १९४६ साली स्वतंत्र झालेले आणि अमेरिकेच्या साहाय्यावर विसंबलेले. तेथून हुकूम सुटला आणि फिलिपाइन्सचे मत फिरले. लायबेरियात रबराचे अफाट मळे असलेल्या फायरस्टोन कंपनीमार्फत त्या सरकारला शब्द गेल्याचे फॉरेस्टल यांच्या रोजनिशीत आले आहे, आणि त्या दिवसांतले दडपण आपण पूर्वी कधी अनुभवले नव्हते असे उपपरराष्ट्रमंत्री रॉबर्ट लव्हेट यांचे उद्गारही त्यांनीच टिपले. ट्रूमन यांनी स्वतः यांपैकी किती गोष्टींस संमती दिली याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. पुढे आठवणी लिहिताना त्यांनी असे दडपण पूर्वी न पाहिल्याचे नमूद केले आणि लहान राष्ट्रांना दडपण्याचा मार्ग आपणास मान्य नव्हता असे लिहिले.

शनिवार, २९ नोव्हेंबर रोजी लेबानॉनचे कामिल शामून यांनी अखेरच्या क्षणी संघराज्याची रूपरेषा पुढे ठेवली. ज्या कल्पनेस अरब पक्षाने महिनोन् महिने नाकारले ती आता उशिरा हाती घेतली गेली. अमेरिका व रशिया या दोघांनीही विलंबास हरकत घेतली, आणि आमसभेचे अध्यक्ष, ब्राझीलचे ओस्वाल्दो अरान्या यांनी मतदानाचा हुकूम दिला. वर्णानुक्रमाने नावे पुकारली गेली. पहिले नाव अफगाणिस्तान, पहिले उत्तर ‘विरुद्ध’. शेवटी बेरीज झाली ती ३३ बाजूने, १३ विरुद्ध, १० तटस्थ, सयाम गैरहजर. हिंदुस्थान व पाकिस्तान, ज्यांनी साडेतीन महिन्यांपूर्वीच फाळणीने एकमेकांपासून फारकत घेतली, ते दोघे या फाळणीविरुद्ध एकत्र होते. चार दिवसांत बेल्जियम, फ्रान्स, हैती, लायबेरिया, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स, न्यूझीलंड, पराग्वे व फिलिपाइन्स ही नऊ राष्ट्रे तटस्थतेतून किंवा गैरहजेरीतून बाजूस आली होती. यांतील हैती, लायबेरिया व फिलिपाइन्स ही तीनच मते उलट पडली असती तर ३० विरुद्ध १६ असा निकाल लागून ठराव फेटाळला गेला असता. तरीही सर्व श्रेय किंवा सर्व दोष वॉशिंग्टनच्या दडपणास देणे चुकीचे होईल. रशिया व त्याच्या मित्रांची पाच मते अमेरिकेच्या कोणत्याही मतदाराने मिळवली नव्हती. रशियाचे प्रतिनिधी ग्रोमिको यांनी मे महिन्यातच फाळणीची शक्यता मान्य केली होती. लॅटिन अमेरिकेतील कित्येक राष्ट्रे, ग्वाटेमाला व उरुग्वे विशेषतः, स्वतःच्या विश्वासाने ठरावामागे होती. दडपणाने काठावरची मते आणली. पण त्या दिवशी काठावरच सारे अवलंबून होते.

ठराव झाला, त्याची अंमलबजावणी कोणी करावयाची हे मात्र ठरले नव्हते. ब्रिटनने हात झटकले, अमेरिका शिपाई देण्यास तयार नव्हती, आणि दुसऱ्याच दिवसापासून पॅलेस्टाइनात कत्तली सुरू झाल्या. मार्च १९४८ पर्यंत परराष्ट्र खात्याने माघारीचा बेत केला. ट्रूमन झायोनिस्ट पुढाऱ्यांना भेटेनासे झाले होते. तेव्हा त्यांचे जुने भागीदार एडी जेकबसन १३ मार्च रोजी व्हाइट हाउसमध्ये आले. पहिल्या महायुद्धानंतर या दोघांनी कॅन्सस सिटीत पुरुषांच्या कपड्यांचे दुकान चालवून ते तोट्यात घातले होते. खोलीत अँड्र्यू जॅक्सन यांचा एक लहानसा पुतळा होता. त्याकडे बोट करून जेकबसन म्हणाले, जसा जॅक्सन तुमचा वीर तसा खाइम वाइजमन माझा, आणि आजारी असूनही तो तुम्हांस भेटण्यास आला आहे. ट्रूमन द्रवले, १८ मार्चला झायोनिस्टांचे ज्येष्ठ नेते वाइजमन यांना गाजावाजा न करता आत आणले गेले आणि अध्यक्षांनी फाळणीस पाठिंबा कायम असल्याचे सांगितले. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा समितीत अमेरिकेचे प्रतिनिधी वॉरन ऑस्टिन यांनी फाळणी बाजूस ठेवून संयुक्त राष्ट्रसंघाची विश्वस्त-राजवट सुचवली. एका सरकारचे दोन खलिते चोवीस तासांत निघाले. मूळ बेतास स्वतः ट्रूमन यांची तत्त्वतः संमती होती, तरी आपल्याला तोंडघशी पाडले असे त्यांनी रोजनिशीत लिहिले.

१२ मे रोजी शेवटची मसलत झाली. सल्लागार क्लार्क क्लिफर्ड यांनी नव्या राज्यास तत्काळ मान्यता देण्याचा पक्ष मांडला. युद्धकाळात सेनापती म्हणून देशभर वंद्य झालेले परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल, जे कोणत्याही निवडणुकीत मत देत नसत, त्यांनी अध्यक्षांना तोंडावर सांगितले की आपण हा सल्ला मानलात आणि मी मत देणारा असतो तर आपल्याविरुद्ध देईन. तरीही १४ मे रोजी, तेल अवीव येथे ज्यू नेते बेन-गुरियन यांनी दुपारी राज्य घोषित केल्यावर आणि ब्रिटिश अंमल मध्यरात्री संपल्यावर, म्हणजे वॉशिंग्टनात सायंकाळी सहा वाजून गेल्यावर अकराव्या मिनिटाला, मान्यता जाहीर झाली. त्या टंकलिखित निवेदनात ‘ज्यू राज्य’ हे शब्द होते, कारण मसुदा तयार करताना राज्याचे नाव कोणास ठाऊक नव्हते. ते शब्द पेनने खोडून तेथे ‘इस्रायल राज्य’ असे लिहिले गेले. फ्लशिंग मेडोजमध्ये त्याच वेळी अमेरिकेचेच शिष्टमंडळ विश्वस्त-राजवटीवर बोलत होते. ऑस्टिन यांना ऐनवेळी दूरध्वनीने कळवण्यात आले. ते सभागृहात न परतता निघून गेले. शिष्टमंडळाने एकगठ्ठा राजीनामे देऊ नयेत म्हणून मार्शल यांनी परराष्ट्र खात्यातील डीन रस्क यांना न्यूयॉर्कला पाठवल्याचे रस्क यांनीच पुढे सांगितले.

नोव्हेंबरच्या निवडणुकीत ट्रूमन निवडून आले. पण ज्या न्यूयॉर्क राज्याच्या मतांसाठी हे सारे झाले असे म्हटले जाते, त्याची अध्यक्ष-निवडीची ४७ निर्वाचक मते त्यांचे प्रतिस्पर्धी ड्यूई यांच्याकडे गेली. तिकडे सुमारे सात लक्ष अरब घरेदारे सोडून निर्वासित झाले होते; त्यांच्या परतण्याविषयी आमसभेने ११ डिसेंबर १९४८ रोजी ठराव केला आणि त्यासाठी वॉशिंग्टनात कोणी तारा केल्या नाहीत. २९ नोव्हेंबरच्या नकाशातील अरब राज्य उभे राहिले नाही. युद्धात त्याचा काही भाग इस्रायलने घेतला, गाझा इजिप्तच्या लष्करी अंमलाखाली राहिला, आणि एप्रिल १९५० मध्ये जॉर्डनने नदीचा पश्चिम किनारा आपल्या राज्यास जोडला. अरब राजेही त्या रयतेला विचारण्यास थांबले नाहीत. १७ सप्टेंबर १९५० रोजी हिंदुस्थानने इस्रायलला मान्यता दिली, १९५३ साली मुंबईत त्याची वाणिज्य वकिलात निघाली, आणि पेण, अलिबाग, रेवदंड्याच्या बाजूची पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी बेने इस्रायल ज्यू कुटुंबे आपला प्रपंच बांधून तिकडे जाऊ लागली. पॅलेस्टाइनच्या अरबांचे निवेदन घेऊन बसणारी वकिलात मात्र मुंबईत नव्हती, दिल्लीतही नव्हती, कारण ती उघडील असे त्यांचे सरकार त्या वेळी कोठेच नांदत नव्हते.